पोथीखाली राहिलेले समन्स

या मित्रांनो, टाळ खाली ठेवा, असे जवळ सरका आणि चित्त इकडे द्या. एका विहिरीची आणि एका कागदाची गोष्ट सांगतो.

मी एक जुना ग्रंथ आहे. पण पोथी नव्हे. दिवाणी दाव्यांच्या नियमांचा. वीस वर्षांपूर्वी मी भोरला आनंदराव वकिलांच्या टेबलावर आलो. दावा कसा लावावा, उत्तर किती दिवसांत द्यावे, हे सारे माझ्यात छापलेले. छापले ते अटळ, अशी माझी ऐट होती. पण वरच्या कोर्टांचे निकाल येत आणि आनंदराव त्यांचे सार चिठ्ठीवर उतरवून माझ्या समासात खळीने चिकटवत. कीर्तनात अभंग तोच असतो, निरूपणाने त्याचा अर्थ उलगडतो, तसेच ते. दाव्याचे उत्तर फार तर नव्वद दिवसांत द्यावे, या नियमापाशी अशीच एक चिठ्ठी आहे: ‘मुदत पाळावी. मात्र खरे आणि सबळ कारण असेल, तर न्यायाधीश उशीर माफ करू शकतात.’

आता निकाल मोबाईलवर सापडतात. माझ्यावर चहाचा कप ठेवतात.

यंदा मार्गासनीच्या साळूबाई आल्या. सामाईक विहीर आपल्या एकट्याची आहे, असा दावा त्यांचे दीर सावळाराम यांनी लावला होता. समन्स आले तेव्हा गावात सप्ताह चालू होता. पारायणात भांडण घरात घ्यायचे नाही, म्हणून निरक्षर साळूबाईंनी तो कागद देवळातल्या पोथीखाली सरकवला. समाप्तीला पोथी रुमालात बांधली गेली आणि कागदासकट देवळाच्या कपाटात गेली. पाच महिने लोटले. त्यांचे उत्तर न घेताच दावा पुढे चालवावा, असा हुकूम झाला.

“इतके दिवस काय केलंत?” आनंदरावांनी विचारले.

“माऊलीच्या पायाशी ठिवला व्हता. म्हटलं, तीच बघंल.”

“माऊलींकडं वकिलीची सनद नाही हो, साळूबाई.”

बाई हसल्या नाहीत. “माजं आयकायच्या आदीच हीर जाईल का वो? समदं रान तिच्यावर हाय.”

नूतन या आनंदरावांच्या सहायक वकील. त्यांनी कप उचलून मला उघडले. “सर, ही बघा, तुमचीच चिठ्ठी.”

आनंदरावांनी ती दोनदा वाचली. “कारण सबळ हवं. पोथीचं कोण मानणार? टायफॉईड झाला होता असं लिहू.”

“त्या कागदावर पोथी व्हती, सायेब,” साळूबाई म्हणाल्या. “आता तिलाच लपवून खोटं लिवू व्हय? न्हाई जमायचं.”

उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज केला, आणि तो खरा लिहिला. न्यायाधीशांनी तो सावकाश वाचला. “तुमच्यावर विश्वास आहे, बाई,” ते म्हणाले, “पण हे कारण सबळ नाही.” अर्ज नामंजूर झाला. चिठ्ठीवर ‘खरे’ आणि ‘सबळ’ हे शब्द शेजारी होते. त्या दिवशी त्यांच्यात दरी पडली, आणि माझी पाने मलाच जड झाली.

आता प्रकरण वरच्या कोर्टात आहे. निकाल काहीही लागो, त्याचीही चिठ्ठी माझ्यावर चिकटेल आणि पुढे कितीजणांचा उशीर तिच्यावर तोलला जाईल. तिच्यावर तारीख असेल, क्रमांक असेल. ही बाई नसेल.

मित्रांनो, कोर्टाचा कागद आला तर त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या. देवावर भार जरूर टाका, पण कागद वाचून मग. आणि देवापुढे हात जोडाल, तेव्हा मार्गासनीच्या साळूबाईंचे नाव घ्या. खरे बोलून त्या अजून तरी हरलेल्याच आहेत.