चुलतभावाची हरकत

मुदीफमध्ये, घराण्याच्या बैठकघरात, त्या शुक्रवारी दुपारी त्रेचाळीस माणसं होती. बसऱ्याहून आलेले पाहुणे सतरा, घरचे सव्वीस. डोक्यावर बोरूच्या जुड्यांच्या कमानी अकरा, निखाऱ्यांवर किटल्या चार, कॉफीच्या बिनकानाच्या वाट्या तीन. दोन वाट्या कॉफी फिरवणाऱ्या मुतश्शरच्या हातात होत्या. तिसरी पाहुण्यांचे म्होरके सय्यद नूरी यांच्या गुडघ्यापुढे, चटईवर ठेवलेली. तळाशी दोन घोट कॉफी, हात न लावलेली. मागणं मान्य झाल्याशिवाय ती उचलली जाणार नव्हती.

अकीलने हे सगळं दोनदा मोजलं. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तो नदीच्या पाण्यातले क्षार मोजायचा, आणि छाती धडधडायला लागली की समोर जे असेल ते मोजत बसायची त्याला सवय होती.

मागणं त्याच्याकडेच होतं. चार महिन्यांपूर्वी याच चटईवर त्याने नहवा घातली होती: चुलतबहीण रबाब हिचं लग्न मी बाहेर होऊ देणार नाही. चुलतभाऊ एवढं बोलला की मुलीचं लग्न अडतं. त्याने स्वतः तिच्याशी लग्न करावंच असं काही नाही, आणि अकीलला करायचंही नव्हतं. दोघं एकाच अंगणात वाढलेले. तो तिला बहीणच मानायचा.

तरीही तो बोलला होता, आणि ते काही एका दिवसात झालं नव्हतं. रबाबला बसऱ्याच्या मास्तराचं स्थळ आल्याचं कळलं त्या शुक्रवारी मुतश्शर कॉफी घेऊन फिरत आला, अकीलच्या उजवीकडच्याला दिली, मग डावीकडच्याला. अकीलला वाटलं, चुकून झालं असेल. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

"मुतश्शर, अरे माझी?" त्याने विचारलं.

"अगंबाई, तू इथं बसलायस होय?" मुतश्शर म्हणाला. "मला वाटलं, पुरुषमाणसं एवढीच."

सगळे हसले. तिसऱ्या शुक्रवारी थोरले काका हाजी शनान हळूच म्हणाले, "पोरा, तुझ्या बापाने तीन नहवा घातल्या होत्या. तुला एक जमत नाही?" बाजारात खाटीकही आईला म्हणाला की तुमच्या घरात आता कुणी बोलणारं उरलं नाही वाटतं. चौथ्या शुक्रवारी अकील बोलला. कॉफी आली. बसायची जागा दारापासून चार हात आत सरकली. तेव्हापासून घरीदारी त्याचा आवाज थोडा जड येऊ लागला, आणि तो जड करायला फारसे कष्ट पडत नव्हते.

काल, गुरुवारी, रबाब प्रयोगशाळेत आली होती. प्राथमिक शाळेत शिकवते, एकोणतीस वर्षांची. हातात पाण्याची बाटली. कुणी विचारलंच, तर पाणी तपासायला आलेय म्हणायला.

"मला करून घेणार आहेस का तू?" तिने विचारलं.

"काहीतरीच काय, रबाब."

"मग मला कुणासाठी राखून ठेवलंयस? लोणचं आहे का मी?"

अकीलने तिच्या हातातली बाटली घेऊन टेबलावर ठेवली.

"कोर्टात जाता येतं," ती म्हणाली. "कायद्याने गुन्हा आहे हा. पण अब्बांना गावात राहायचंय. म्हणून तुझ्यापुढे उभी आहे. उद्या सय्यद येतायत. एवढंच म्हण, 'कॉफी घ्या.' दोन शब्द. जमतील?"

"जमतील."

"शप्पथ?"

"शप्पथ. तुझी कॉफी परत जाण्याआधी माझा जीव जाईल बघ."

ती हसली. चार महिन्यांनी पहिल्यांदा.

आता ते दोन शब्द त्याच्या जिभेवर होते. थोडी वाट पाहायची, पाहुण्यांना एकदा विनवू द्यायचं, मग दाढीवरून हात फिरवून मोठ्या मनाने म्हणायचं. असं म्हणण्यात कमीपणा नव्हता. पैगंबरांच्या वंशातल्या सय्यदाच्या शब्दाला मान देणाऱ्याचं नावच होतं. हाजी शनान यांनीही सकाळी सांगितलं होतं, "नहवा सोडायची असेल तर सोड. पण तू सोडलीस असं दिसू दे."

सय्यद नूरी भला माणूस होता. अकीलचा उतरलेला चेहरा बघून त्याला वाटलं, पोराला धीर द्यावा.

"घाबरू नकोस, बेटा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुझं मन मोठं आहे हे आम्हाला आधीच कळलंय. पोरीने कालच निरोप धाडला की अकील कबूल झालाय. म्हणून तर आम्ही निर्धास्त आलो."

दाराजवळ बसलेल्या रबाबच्या वडिलांची, लफ्ताकाकांची, जपमाळ थांबली.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे निकाल आधीच लागलाय होय? आम्ही उगाच जेवण सोडून आलो."

"निकाल पोरीने दिलाय," मुतश्शर म्हणाला. "अकील नुसता वाचून दाखवणार."

हसू सुरू झालं. मोठ्याने नाही. सव्वीस जणांतले सात, आठ. अकीलने हाजी शनान यांच्याकडे पाहिलं. काका हसत नव्हते. ते छताकडे बघत होते.

"सय्यद," अकील म्हणाला. आवाज जड आला, आपोआप. "ती कॉफी गार झालीय. मुतश्शर ती ओतून देईल, दुसरी भरेल. पाहुणा म्हणून प्या, घर तुमचं आहे. पण माझा शब्द चार महिन्यांपूर्वी होता तोच आहे. कुणी काय निरोप धाडला, मला ठाऊक नाही."

सय्यद नूरी वाटीकडे बघत राहिला. मग उठला. त्याच्यामागे सोळा जण उठले. कुणी निरोप घेतला नाही. हाजी शनान यांचा हात अकीलच्या खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला. तो हात जड होता, ऊबदार होता, आणि अकीलला तो हवाहवासा वाटला. त्याने मान वर केली तेव्हा लफ्ताकाका दारात वाकून चपला शोधत होते. डावी सापडली होती, उजवी सापडत नव्हती. मदतीला कुणी गेलं नाही. अकीलही नाही.

बसऱ्याच्या मास्तराने वसंतात दुसरीकडे लग्न केलं. रबाबसाठी आणखी दोन स्थळं निघाली. दोन्हीकडच्या लोकांनी आधी बाजारात चौकशी केली आणि ते आलेच नाहीत. अकीलला कुणी विचारायची गरजही पडली नाही. शुक्रवारी नवं कुणी बसायला आलं की त्याला अकीलच्या खालची जागा मिळायची.

पुढच्या वर्षी जनगणना आली. सरकारी नोकरांना मोजणीसाठी मोहल्ले वाटून दिले, त्यात अकीलला स्वतःचाच मोहल्ला मिळाला. लफ्ताकाकांच्या घरी तो सकाळी दहाला टॅबलेट घेऊन गेला. काका झोपले होते, काकू चुलीपाशी होती. रबाबने दार उघडलं, बसायला उशी दिली, स्वतः समोर बसली.

"नाव?"

"रबाब लफ्ता. विसरलास?"

"विचारावं लागतं. वय?"

"तीस."

"शिक्षण?"

"बी. ए. माझ्याच वह्या घेऊन तू बारावी काढलीस, तेही लिहायला जागा असेल तर लिही."

तशी जागा नव्हती. तो पुढच्या रकान्याकडे आला आणि थांबला.

"विचार ना," ती म्हणाली. "नियमाने विचारायचंय ना?"

"वैवाहिक स्थिती?"

"अविवाहित."

त्याने बोट टेकवलं. खाली बेरीज आपोआप आली. घरातल्या व्यक्ती तीन. पुरुष एक, स्त्रिया दोन. विवाहित दोन, अविवाहित एक. मुलाखतीला लागलेला वेळ, नऊ मिनिटं.