मोहफुलांच्या खेळाचा भाव

दानिशने ओल्या फडक्याने पाटीवरचं ‘फुकट’ पुसून काढलं, खडूने ‘तासाला दहा’ असं लिहिलं आणि पाटी पुन्हा तिसऱ्या कॉम्प्युटरवर टांगली.

अतुल खुर्चीत रेलून हे सगळं पाहत होता. डी.एड.चा अभ्यास वाऱ्यावर सोडून तो रोज इथे कॉम्प्युटरवर मोटारी पळवायला येई, त्यामुळे दुकानातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलायचा हक्क आपल्याला मिळालाच आहे, अशी त्याची खात्री होती.

“काऊन रे, भाव आला काय तुह्या अस्वलाच्या गेमले?”

“बाकीच्या गेमले दहा देतेस ना? मंग याले काऊन नाई?”

“मी कुठी नाई म्हणून राह्यलो बाप्पा,” अतुल म्हणाला आणि आपल्या मोटारींकडे वळला.

आरमोरीच्या बसस्टँडमागे दानिशचं हे गेमचं दुकान होतं. तीन कॉम्प्युटर, एक पंखा आणि लोडशेडिंगच्या नावाने बोटं मोडणारी गिऱ्हाइकं. दुकानात एक रीत पडून गेली होती. खेळून उठणाऱ्याने दाराच्या आतल्या बाजूला खडूने आपलं मत लिहायचं, म्हणजे पुढच्याचे पैसे वाया जाऊ नयेत. त्या दारावर भल्याभल्या परदेशी खेळांची अब्रू निघत असे. तिसऱ्या कॉम्प्युटरवरचा खेळ मात्र परदेशी नव्हता. तो दानिशने स्वतः केला होता, दोन वर्षं पुस्तकं वाचून, चुकतमाकत. पहाटेच्या जंगलात एक बाई मोहफुलं वेचते आणि टोपली भरायच्या आत अस्वल येतं. एवढाच खेळ. पण पहाटेचा तो निळसर उजेड साधायला त्याचा अख्खा पावसाळा गेला होता.

अब्बांशी बोली झाली होती. मार्कंड्याची यात्रा आटोपेपर्यंत मुदत. तोवर लोकांनी खेळ चांगला म्हटला, तर दानिशने आणखी खेळ करावेत, अब्बा आडवे येणार नाहीत. नाही म्हटला, तर कॉम्प्युटर विकून कामठीला मामूच्या वेल्डिंगच्या कारखान्यात जावं. अब्बा, म्हणजे नूर मोहम्मद, तांदळाचे दलाल, त्यांच्या बोलीत कधी फाटे नसत. अम्मीने बेटा दूर जाईल म्हणून डोळ्यांना पदर लावला, पण बोली मोडा असं तीही म्हणाली नाही.

खेळ फुकट होता तेव्हा दारावर काय काय उमटलं होतं! ‘फुकटात मस्त’. ‘फुकट आहे म्हणून ठीक’. ‘टाइमपास, पैसे लागत नाही’. दानिशला त्यातलं ते फुकट कुसळासारखं टोचत होतं. खेळ चांगला होता, की नुसतं फुकट चांगलं होतं? ते एकदा कळावं म्हणून त्याने आज भाव लावला होता.

दुपारी लच्छू आला. हा जंगलातल्या गावचा, काळी-पिवळी जीप चालवणारा. परवाच अस्वल मागे लागलं तेव्हा तो हसून हसून खुर्चीवरून घसरला होता. आज त्याने नोट काढून दिली, गंभीर चेहऱ्याने खेळला आणि अर्ध्यातच उठून दारावर लिहिलं, ‘पैसे पाण्यात’.

“लच्छू, परवा तर पोट धरून हासत होतास.”

“परवा फुकट होता ना भाऊ.”

“अस्वल तर तेच आहे.”

“अस्वल तेच आहे,” लच्छूने मान्य केलं. “पण माही माय मोहाच्या दिवसात रोज पहाटे हेच करते. तिले कोणी दहा रुपये देत नाई. मी दहा रुपये देऊन तेच पाहू काय?”

तो वाईटपणाने बोलला नव्हता. जाताना त्याने दानिशच्या खांद्यावर थापही मारली. दानिशला ती थाप जास्त लागली.

“असं कसं रे?” लच्छू गेल्यावर तो अतुलला म्हणाला. “खेळ कसा आहे ते सांगा. भाव काऊन मधात आणता?”

“भाव सांगितल्याशिवाय मत कसं देऊ? फुकटचा चहा गोड लागतेच ना.”

“चहा तर तोच राहते.”

“चहा तोच राहते, तोंड बदलते,” अतुल म्हणाला. त्याने स्क्रीनवरून नजरही हलवली नाही.

दानिशने भाव पाचावर आणला, तर कोणीतरी लिहिलं, ‘अर्ध्या पैशाचा, अर्धाच बनवला’. मग यात्रेची गर्दी बसस्टँडवर उतरू लागली तेव्हा त्याने नको ते केलं. खेळ हैदराबादहून आलाय असं ठोकून दिलं आणि पाटीवर लिहिलं, ‘तासाला पंचवीस’. लोक त्या खुर्चीसाठी थांबून राहू लागले. ‘जंगल एक नंबर’, ‘हैदराबादवाल्यांचं काम लय भारी’. दानिश दारासमोर उभा राहून ते वाचत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पहाटेच्या उजेडाचं कौतुक झालं होतं, आणि त्यात तो कुठेच नव्हता. त्याने सगळं दार पुसून टाकलं.

यात्रा आटोपली. जुम्म्याची नमाज पढून अब्बा परस्पर दुकानात आले. दानिशने काही सांगितलं नाही, आणि त्यांनीही लोकांचं विचारलं नाही. पुसलेलं दार समोर होतंच.

“मले दाखव,” ते म्हणाले.

अब्बांची परीक्षा सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. शेतकऱ्याने वानगी पुढे केली की ते चिमूटभर तांदूळ तळहातावर घेत, एक दाणा दाताखाली फोडत आणि गप्प बसत. ‘भाव बोला, मंग सांगतो.’ भाव ऐकल्याशिवाय त्यांनी कधी कशाला बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. लग्नात बिर्याणी कशी झाली असं कोणी विचारलं, तर आधी आचाऱ्याने किती घेतले ते विचारत. त्यावरून अम्मी त्यांना चारचौघांत टोमणे मारी. घरात ते हिंदी बोलत, पण मालाची गोष्ट निघाली की बाजारातल्या मराठीवर येत.

दानिशने त्यांचा हात माऊसवर ठेवला. ते बिचकत बिचकत खेळू लागले. बाई झाडाला अडकली, फुलं सांडली, अस्वलाने तिला पुन्हा पुन्हा गाठलं. ते उठले नाहीत. ओठ घट्ट मिटून, चष्मा नाकावर आलेला तसाच ठेवून खेळत राहिले, आणि शेवटी एकदा टोपली भरली. पडद्यावर उजाडलं. त्या उजेडाकडे ते बराच वेळ बघत बसले.

दानिश त्यांच्या मागे उभा होता. आता विचारतील, ‘भाव काय?’ काय सांगायचं ते त्याने मनात ठरवूनही टाकलं. दहाच सांगू. मग परवडत नाही म्हणोत, महाग म्हणोत, जे म्हणतील ते दाताखाली फोडून पाहिलेल्या मालाबद्दल म्हणतील. खरं मत देणारं एवढं एकच माणूस आता उरलं होतं.

अब्बांनी चष्मा काढून कुर्त्याच्या टोकाने पुसला.

“अच्छा है, बेटा,” ते म्हणाले. “बहुत अच्छा बनाया.”

दानिश थांबला. भाव त्यांनी विचारलाच नाही. उठले, पायाने चपला शोधल्या. त्यांचा हात क्षणभर दानिशच्या डोक्यावर आला, लहानपणी ताप बघायला येई तसा, आणि निघून गेला.

ते मत दलालाचं नव्हतं, बापाचं होतं. दानिशने वाकून कॉम्प्युटर बंद केला.

“मामूले फोन लावू?” त्याने विचारलं.

अब्बा दारात पाठमोरे उभे होते.

“लाव,” ते म्हणाले. “अन् या कॉम्प्युटरचा काय भाव येईल, तेही विचारून ठेव.”