कुणाच्या ताटातलं मत

वल्लरी, बस गं इथं, खुर्ची ओढ. मीराकाकूचं मटण शिजतंय, तोवर तुला एक किस्सा सांगतो. तू शंतनूच्या बेसमेंटमध्ये राहतेस, म्हणजे त्याची बाजू ऐकलीच असशील. आता देवाकाकाची ऐक.

शंतनू माझा जुना दोस्त. मी अमेरिकेत, इथं जर्सीतल्या पिस्कॅटवेत आलो तेव्हा माझं इंग्लिश म्हणजे येस आणि सॉरी. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी. युनिव्हर्सिटीच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी त्यानंच लावून दिली, लायसन्सची प्रॅक्टिस शेजारी बसून घेतली. त्याच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही, पण दर रविवारी आमच्याकडं मटणाला हजर. लता वहिनींना सांगायचा, देवाकडं कॅरम खेळायला चाललोय.

तर ह्या इलेक्शनला मी पहिल्यांदा मत देणार होतो. सिटिझन झालो ना. शंतनू एका मोठ्या पक्षाचा व्हॉलंटियर, टी-शर्ट घालून दारोदार फिरायचा. दोन्ही मोठ्या उमेदवारांची डिबेट आम्ही ह्याच सोफ्यावर बघितली, मांडीवर ताटं घेऊन.

"दिसला ना फरक?" शंतनूनं विचारलं.

"दिसला. कोटाचा रंग वेगळा."

"मस्करी नको, देवा."

"बरं बाबा, आहे फरक. दवाखान्याचं वेगळं बोलले, बायांच्या हक्काचं वेगळं बोलले. पण परदेशातल्या लढाईचं विचारलं तेव्हा? दोघांचा एकच सूर. बॉम्ब पाठवायचे म्हणजे पाठवायचे. एकाच पातेल्यातलं वरण, एकाला जिऱ्याची फोडणी, एकाला मोहरीची."

"मग कुणाला देणार?"

"ती तिसरी बाई उभी आहे ना, छोट्या पक्षाची, तिला. ती लढाईला नाही म्हणते."

शंतनूनं ताट खाली ठेवलं. "अरे, ती मतं खायला उभी आहे! तू आमची मतं खाणार?"

आता बघ, हा शब्द मी लहानपणी ऐकलेला. माझा बाप वाशिमकडं आमच्या गावात पंचायतीला उभा राहिला होता, कपबशी चिन्हावर. गावात दोन पाटील, दोघांची दोन पॅनलं. आमची वस्ती कधी ह्याला मत द्यायची, कधी त्याला. नळ काही आला नाही. म्हणून बाप उभा राहिला, तर दोन्ही पाटील ओरडायला लागले, हा मतं खायला उभा आहे. पडला बाप. निकालाच्या संध्याकाळी दोन्ही पाटील एका पंगतीला जेवत होते. बाप मला म्हणाला, "देवा, मी मतं खाल्ली म्हणतात. पण त्यांच्या ताटात वाढली कुणी होती?"

तेच मी शंतनूला विचारलं. "शंत्या, माझं मत तुझ्या ताटात वाढलं कधी होतं रे?"

"यार, हे तुझं गाव नाही. तो दुसरा आला तर माझ्या भाच्याच्या व्हिसाचं काय? चालेल तुला?"

"नाही चालणार. आणि तिकडं बॉम्बखाली लेकरं मरतात, ते तुला चालतं?"

मीरा आतून ओरडली, "भांडा, पण आधी गिळा! रस्सा गार झाला."

पुढं ती तिसरी बाई इथल्या लायब्ररीत भाषणाला आली. मी गेलो मीराला घेऊन. धीर करून नाव सांगितलं, विचारलं, "मॅडम, लोक म्हणतात तुम्ही मतं खाता. काय सांगू त्यांना?" बाई हसली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "थँक यू, डेव्हिड!" देवानंदचा डेव्हिड! प्रश्न तिथंच राहिला. गाडीत मीरा पोट धरून हसत होती. "तुमची तिसरीपण त्याच शाळेतली हो!"

शंतनूला कुणीतरी त्याचा व्हिडिओ पाठवला. लगेच फोन. "काय डेव्हिड, पटलं? हीपण तसलीच."

"तसलीच," मी म्हणलं. "पण मला तिच्याशी सोयरीक जुळवायची नाही. लढाईला नाही म्हणणारी ती एकच आहे. दुसरं कुणी असेल तर आण, त्याला देतो."

आणि दिलं मी तिलाच. आमच्या लोकांना मताची किंमत बाबासाहेबांनी शिकवली. कुणाच्या भीतीनं ते टाकायचं नसतं, एवढं मला वस्तीनं शिकवलं.

निकाल तुला माहीतच आहे. शंतनूचा पक्ष जर्सीत आरामात जिंकला, देशात पडला. माझं मत तर जर्सीतलं, इथं हिशेब राज्याराज्याचा वेगळा! त्यानं त्याचं काडीचं बिघडलं नाही. तरी राग माझ्यावर. त्यानंतर एकाही रविवारी आला नाही. भाच्याचं टेन्शन आहे त्याला, कळतं मला. ते पोरगं मलाही मामाच म्हणतं. कॅरमचा बोर्ड तो बघ, भिंतीला टेकून धूळ खातोय.

पण माफी मागणार नाही मी. पुढच्या वेळीही मला पटेल त्यालाच देणार, मोठा असो की तिसरा.

मत माझं एकट्याचं आहे, गं. मटण एकट्यानं गोड नाही लागत. मीरा, डबा भर, नळी त्याच्यासाठी काढून ठेव. वल्लरी, एवढं काम कर माझं. हा डबा शंतनूच्या हातात दे, लता वहिनींसमोर उघडू नको. त्याला म्हणावं, डेव्हिडनं पाठवलाय, आणि हे मटण मात्र तुझ्याच ताटातलं आहे, बाकीचं खायला रविवारी ये.