न वाजणारं काडतूस

माझा मोठा भाऊ रेइनो रायफलची काडतुसं घरीच भरायचा. त्या वर्षी त्याने आख्खा उन्हाळा एकाच काडतुसापायी घालवला, आणि तोही माझ्या वहिनीसाठी. हेल्मी आदल्या हिवाळ्यात चर्चच्या पायरीवर बर्फावरून घसरली, तिचा उजवा खांदा मोडला आणि आत धातूची पट्टी बसवावी लागली. शिकार विसरा, असं डॉक्टर म्हणाले. हेल्मीने शहाण्यासारखी मान डोलावली, घरी आली आणि रेइनोला म्हणाली, "मला लाथ न मारणारी बंदूक शोध. नोव्हेंबरच्या आत."

आमच्याकडे पंधरा नोव्हेंबरला हरणाची शिकार सुरू होते आणि त्या दिवशी शाळासुद्धा बंद असते. घरी बसून सफरचंदाचा पाय भाजणारी बाई हेल्मी नव्हती. लग्न झाल्यापासून देवदारांच्या दलदलीकाठची मचाण तिची होती आणि तिथे दुसरं कुणी बसलेलं तिला खपत नसे.

रेइनोची स्वतःची रायफल तिला देणं शक्यच नव्हतं, ती धडधाकट माणसाचे दात खिळखिळे करते. पोरांना शिकवायची हलकी बंदूक होती, पण तिच्या गोळीने हरीण जखमी होऊन लांब जाऊन मरतं, आणि ते आमच्यात कुणाला पटत नाही. शेवटी त्याने जुनं स्वीडिश काडतूस निवडलं. त्याची गोळी लांब आणि बारीक असते, मागे धक्का कमी देते आणि अंगात खोल जाते. तोही धक्का पट्टीला सोसेना, म्हणून रेइनोने आतली दारू कमी केली. मग गोळी भरकटायला लागली. दारू बदलली, गोळी बदलली, ती काडतुसाच्या पितळी पुंगळीत केसभर आत बसव, केसभर बाहेर काढ, असं चाललं होतं. हेल्मी खांद्यावर टॉवेलाची घडी ठेवून खडीच्या खाणीत कागदावर नेम धरायची, आणि हा कागदाकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. ती डोळे मिटते का, ओठ आवळते का, एवढंच त्याला हवं असे.

"हरणाला मारणार आहेस की गुदगुल्या करणार आहेस?" मी एकदा विचारलं.

"तू स्वयंपाक बघ, ओन्नी," हेल्मी म्हणाली. "त्यातही काही मरत नाही, नुसतं करपतं."

सप्टेंबरात एकदाचं जमलं. तीन भोकं कॉफीच्या कपाखाली झाकतील इतकी जवळ आली आणि हेल्मीचा चेहरा हलला नाही. दारू थोडी असल्याने या काडतुसाची पुंगळी अर्धी रिकामी राहायची, कानाशी हलवलं की आत दाणे खुळखुळत. रेइनोला त्या आवाजाचं वेडच लागलं होतं. येताजाता एखादं उचलायचा आणि हलवून ऐकायचा.

पंधरा तारखेला पहाटे आम्ही जंगलातल्या खोपटात होतो. हेल्मी कॉफी पिऊन, बंदूक आणि काडतुसं घेऊन अंधारातच मचाणीकडे गेली. मी चुलीशी होतो. रेइनोचा गुडघा सुजला होता, म्हणून तो मागे राहिला होता. बाहेर उजाडलं आणि चहूकडून बार ऐकू यायला लागले. रेइनो टेबलाशी बसून, डब्यात उरलेली काडतुसं सवयीने एकेक करून कानाशी हलवत होता.

एकाएकी तो थांबला. एक काडतूस त्याने पुन्हा हलवलं, मग दुसऱ्या कानाशी नेलं.

"हे वाजत नाही," तो म्हणाला.

"कान गेले तुझे. माझे तर कधीच गेलेत."

त्याने पक्कड घेतली आणि गोळी उपटून काढली. पुंगळी टेबलावर उपडी केली. आतून काहीच पडलं नाही.

मी हसणार होतो. बिनदारूचं काडतूस म्हणजे फार तर फुसका बार. पण रेइनोचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

"मी दारू मापून टाकायच्या यंत्राचा दांडा ओढत होतो," तो म्हणाला. "एका पुंगळीला एकदा ओढायचा. हेल्मीने वरून हाक मारली, वाफेच्या अंघोळीचा सौना तापलाय म्हणाली. मी मधेच उठून गेलो. परत आलो आणि भरलेली पुंगळी कुठली नि रिकामी कुठली, यात अदलाबदल केली. एक सुटली, ओन्नी. म्हणजे तिच्या शेजारच्या पुंगळीत दोनदा पडली."

"उतू गेली असती की."

"नसती गेली! अर्धी रिकामी असते ना ती. दुप्पट मावते, गळ्यापर्यंत मावते, मग खुळखुळायला जागाच राहत नाही. म्हणून तर भरल्यावर मी बॅटरी मारून बघतो. त्या दिवशी नाही बघितलं." तो उरलेली काडतुसं भराभर हलवत सुटला. सगळी खुळखुळली. "यात नाही. तिच्याकडे आहे."

दुप्पट दारूचं काडतूस उडालं की रायफलची नळी आणि तिचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट फुटून मागे येतात, आणि मागे माणसाचं तोंड असतं. हे मला त्याने सांगायची गरज नव्हती. रेइनो लंगडत ट्रककडे गेला आणि हॉर्नवर हात दाबून उभा राहिला. मी शिकाऱ्यांचा लांबून दिसणारा भडक नारिंगी कोट अंगात घातला आणि पळत सुटलो.

पहिल्या सकाळी आमच्या जंगलात कुणी हलत नाही, पळणं तर दूरच. हलणाऱ्या माणसाला शेजारी वर्षभर नावं ठेवतात. मी पोटरीभर बर्फातून, दलदलीच्या कडेने, धापा टाकत पळत होतो आणि मोठमोठ्याने हेल्मीला हाका मारत होतो. मागे हॉर्न बोंबलत होता. नंतर हेल्मीने सांगितलं की हॉर्न तिला ऐकू आला होता. कुणीतरी मूर्ख पुरुष हरवलाय असं समजून ती स्वस्थ बसली होती.

मी निम्म्या वाटेत असताना तिचा बार झाला. तिच्या बंदुकीचा आवाज मी कुठेही ओळखला असता, बोदा आणि आखूड. मी थबकलो. पण तो नेहमीचाच आवाज होता, म्हणजे बंदूक फुटली नव्हती. मग लक्षात आलं, आता ती बोल्ट मागेपुढे करून दुसरं काडतूस आत घेणार. मी पुन्हा ओरडत निघालो. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी पोचलो तेव्हा ती मचाणीवरून उतरली होती आणि बंदूक खांद्याला लावून उभी होती. समोर वीसेक पावलांवर मोठा नर बर्फात पडला होता. गोळी जरा मागे लागली होती. तो पुढच्या पायांवर उठायचा, कोसळायचा, पुन्हा उठायचा.

"चाप ओढू नकोस!" मी ओरडलो. "हेल्मी, खाली घे. दुप्पट भरलंय."

तिने बंदूक खाली घेतली. चाळीस वर्षं काडतुसं भरणाऱ्याची बायको ती, तिला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. फक्त एवढंच विचारलं, "कुठलं?"

"माहीत नाही. जे वाजत नाही ते."

"तुझी बंदूक कुठाय?"

मी आणली नव्हती. रिकाम्या हातांनी पळत आलो होतो. नराने पुन्हा उठायचा प्रयत्न केला आणि त्याच्या गळ्यातून आवाज आला. हेल्मीने तो ऐकला आणि तिचे डोळे भरले.

"तो उठला तर दलदलीत जाईल," ती म्हणाली. "दोन दिवस लागतील त्याला मरायला."

"जाऊ दे. मी खोपटात जाऊन बंदूक आणतो."

"तोवर तो गेलेला असेल."

तिने बोल्ट मागे ओढला. नळीतलं काडतूस बर्फात पडलं. हातमोजा दातांनी काढून तिने ते उचललं, पुसलं आणि कानाशी हलवलं. मग कोटाच्या डाव्या खिशात टाकलं आणि खिशाचं बटण लावलं. बंदुकीच्या पोटातली उरलेली काढली आणि एकेक करून ऐकत राहिली. ती रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, तिचा कान आमच्या दोघांपेक्षा कितीतरी चांगला.

एक तिने निवडलं आणि माझ्या कानाशी धरलं. "ऐक."

लांब कुणाचे तरी बार होत होते, हॉर्न चालू होता, माझी छाती धडधडत होती. मला काहीच ऐकू आलं नाही.

"हेल्मी, नको. मला नाही ऐकू येत."

"मला येतं," ती म्हणाली. "झाडाच्या मागे जा, ओन्नी."

मी गेलो नाही. शूर होतो म्हणून नव्हे, पाय हलले नाहीत म्हणून. तिने काडतूस आत सारलं, दस्ता पट्टीवर टेकवला आणि गाल खाली नेला. तिने डोळे मिटले नाहीत. मी मिटले.

बोदा, आखूड बार झाला. मी डोळे उघडले तेव्हा नर निजला होता आणि हेल्मी बोल्ट उघडून रिकामी नळी तपासत होती, जणू काही झालंच नव्हतं.

तो दुसरा बार ऐकून हॉर्न थांबला होता. आम्ही खोपटाशी पोचलो तेव्हा रेइनो ट्रकच्या पायरीवर तोंड दोन्ही हातांत घेऊन बसला होता. आमच्या पावलांचा आवाज झाला तरी त्याने मान वर केली नाही. आधी मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. मग कळलं, त्याची बघायची हिंमत होत नव्हती.

हेल्मीने खिशाचं बटण काढलं, ते मुकं काडतूस त्याच्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"मी तुला खांदा सांभाळायला दिला होता, रेइनो," ती म्हणाली. आवाज कापत होता, आणि रागच होता तो. "तोंड नव्हतं दिलं."

"मी यंत्र विकून टाकतो," तो बर्फाकडे बघत म्हणाला. "आजच विकतो."

"ते मग बघू. आधी वर बघ."

त्याने नकारार्थी मान हलवली. हेल्मीने उघड्या हाताने त्याची हनुवटी धरली आणि जोर लावून तोंड स्वतःकडे वळवलं.

"बघ ना. दोन डोळे, नाक, सगळं आहे तिथंच आहे. नीट बघून घे."

रेइनोने बघितलं. आधी एका डोळ्याकडे, मग दुसऱ्याकडे, मग गालावर जिथे दस्ता टेकतो तिथे बोट लावून बघितलं. मी खोपटात गेलो आणि कॉफी ठेवली, कारण माझ्या भावाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि पाहायचंही नव्हतं.