तीन हात रंग आणि बोलणारा डबा

अकराला पाच मिनिटं कमी होती आणि दुकानात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. दुकान रेडिओ, मिक्सर आणि गिटारींच्या दुरुस्तीचं. पण गेले बारा दिवस तिथे कुणी काही दुरुस्त करून घ्यायला येत नव्हतं. सगळे येत होते डबा ऐकायला.

डबा टेबलावर मधोमध ठेवलेला. हाताच्या पंजाएवढा, पत्र्याचा. गिटार आणि स्पीकर यांच्या मध्ये जोडायचं, पायाने दाबायचं घरगुती पेडल ते. दाबलं की गिटारीचा सूर फाटून, गुरगुरून बाहेर पडतो, एवढंच त्याचं काम. पण नटवलं काय होतं त्याला! मोरपंखी ऑइलपेंटचे तीन हात, त्यावर सोनेरी वेल, कोपऱ्यांना आरशाचे तुकडे आणि वरच्या बाजूला बाबांचे डोळे. नुसते डोळे, पण हुबेहूब. बाबा, म्हणजे या घरातले गिटारमास्तर, जाऊन वर्ष होत आलं होतं.

"शांत!" धाकट्याने, म्हणजे मास्तरांच्या मुलाने, हात वर केला. "शरीर जातं, सूर जात नाही. सूर हवेत राहतो, हवेतून तारेत उतरतो, तारेतून डब्यात येतो. ज्याचं मन स्वच्छ त्याला बाबांचा आवाज ऐकू येईल. ज्याच्या मनात शंका, त्याला नुसती खरखर!"

अशी अट घातल्यावर 'मला बुवा खरखरच ऐकू आली' असं कोण कबूल करणार?

त्याने पेडल दाबलं. खर्र... आणि जोडलेल्या स्पीकरमधून एक जड, पुरुषी आवाज आला. "...म्हणून घाई करू नका... थोडं थांबा..."

"ह्यांचाच आवाज!" आईने दोन्ही हात छातीशी धरले. बेकरीवाल्याने टोपी काढली. शिंपीणकाकू पदर डोळ्यांना लावून मुसमुसू लागल्या.

मागच्या बाकावर त्याच्या ताईच्या हातातली, वायरी जोडायची सोल्डरिंगची कांडी तशीच धुमसत राहिली. तीही तशीच धुमसत होती.

डब्याच्या आतलं सर्किट तिने जोडलं होतं. एकेक डाग तिच्या हातचा. बाबा आजारी पडल्यापासून दुकान तिनेच चालवलं, शेकडो पेडलं केली, कोऱ्या पत्र्याच्या डब्यांत, वर पेनाने 'चालू' आणि 'बंद' लिहून. "तुझी पेडलं म्हणजे औषधाचे डबे गं," असं आई म्हणायची. जीव ओतायचा हिने आणि कौतुक व्हायचं वेलबुट्टीचं. तेही तिने गिळलं असतं. पण शेवटचे चार महिने बाबांच्या उशाशी कोण बसलं होतं? आणि परत यायचं तर बाबा आले कुणाकडे? धाकट्याकडे!

गर्दी पांगू लागली तशी ती आईजवळ गेली. "आई, गुरुवारी तुझं डोळ्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली तेवढी वाचवायची."

"ऐकलंस ना? हे थांबा म्हणाले."

"आई, अगं डब्याच्या सांगण्यावरून..."

"जळतेस तू," आई म्हणाली. मोठ्याने नाही, पण दारातले सगळे वळून बघू लागले. "लहानपणापासून त्याच्यावर जळतेस."

ताई बाकाकडे परतली. खरं होतं ते. खोट्या आरोपाला उत्तर असतं, खऱ्याला काय देणार?

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तिने सातलाच दुकान उघडलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून पेडल दाबलं आणि खाली वाकून हळूच म्हणाली, "बाबा, मी आहे. कधी माझ्याशीही बोला की."

खर्र... "...कमाल तापमान एकतीस अंश... संध्याकाळी हलक्या सरी..."

तिला रडूच फुटलं. त्याला सल्ले आणि मला हवामान! मग रडता रडता ती थबकली. जन्मात कधी छत्री न घेणारे बाबा, मेल्यावर पावसाचे अंदाज सांगायला लागले?

तिने डोळे पुसले, चार स्क्रू काढले आणि डबा उघडला. आत बघते तर आतूनही मोरपंखी! झाकणाच्या कडा, वायर खुपसायच्या जॅकांची भोकं, सगळीकडे रंग. धाकट्याने तिचं सर्किट आत बसवण्याआधी अख्खा डबा आतबाहेर रंगवून काढला होता. ज्याने कधी सोल्डरिंग केलेलं नाही, तोच ही चूक करणार. मग तिने डबा होता तसा बंद केला, फळीवरचा धूळ खाणारा जुना रेडिओ उतरवला आणि काटा हळूहळू फिरवला.

अकराला गर्दी जमली. धाकट्याने "शरीर जातं..." सुरू केलं, पेडल दाबलं, आवाज आला, आणि मागून ताईने रेडिओ लावला. तोच आवाज, तीच वाक्यं, डब्यापेक्षा किती स्वच्छ!

"...टोमॅटोची रोपं लावताना घाई करू नका. माती भिजू द्या, थोडं थांबा..."

बेकरीवाला फस्सकन हसला. "मास्तर टोमॅटो कधी लावायला लागले?"

"हा रोज अकराला लागणारा बागकामाचा कार्यक्रम आहे, सांगणारा रोज हेच सांगतो," ताई म्हणाली. "आता रेडिओ ऐकतं कोण, म्हणून कुणी ओळखला नाही. पत्र्याचा डबा रेडिओच्या लहरी बाहेर अडवतो, पण पत्रा आतल्या तारेला टेकलेला असेल तरच. त्याला अर्थिंग म्हणतात. इथे मध्ये रंग आला. पत्रा टेकलाच नाही. गिटारीची वायर झाली अँटेना, आणि सर्किट झालं रेडिओ."

"तूच काहीतरी केलंयस," आई म्हणाली. "तुला पाहवलं नाही."

"नाहीच पाहवलं. जळतेच मी." "म्हणूनच मी हात लावत नाही. काका, ही कानस घ्या."

निवृत्त पोस्टमनकाकांनी आयुष्यात पत्रं सोडून काही उघडलं नव्हतं. ताई लांबून सांगत गेली, त्यांनी जॅकांच्या भोकांभोवतीचा आणि झाकणाच्या कडेचा रंग घासला, नट आवळले, झाकण लावलं. पेडल दाबलं. आवाज नाही. मग ताईने सांगितल्यावर नटांखाली आणि झाकणाखाली कागद घातला. आवाज हजर! कागद काढला, गप्प. शिंपीणकाकूंनी स्वतः करून बघितलं, तेव्हाही तसंच.

आईने धाकट्याकडे तोंड वळवलं. "तुला माहीत होतं?"

तो नखाखालचा सोनेरी रंग खरवडू लागला. "पहिल्या दिवशी मलाही खरंच वाटलं. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी रेडिओवर ऐकलं. पण तोवर तू हसायला लागली होतीस. आणि लोक मला..." तो ताईकडे बघायला तयार नव्हता. "बाबांनी सगळी विद्या हिला दिली. मला म्हणायचे, तू रंग दे. तिच्याकडे बाबा होते. मला डबा तरी हवा होता."

ताईला हे ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं ती एकटीच जळत असल्याचं धरून चालली होती.

"ऑपरेशनला थांबा असं टोमॅटोवाल्याने सांगितलं, हे कळूनही गप्प बसलास?" आईने विचारलं. आई उठली, टेबल चाचपत पुढे आली, डब्यावरच्या डोळ्यांवरून बोटं फिरवली. "चित्र सुंदर काढलंस रे," ती म्हणाली, आणि ताईकडे वळली. "उद्या किती वाजता बोलावलंय?"

"नऊला. उपाशीपोटी."

"दोघंही चला. वाटेत भांडू नका."

वाचणाऱ्यांनो, गेलेल्या माणसाची ओढ खोटी नसते. देवावर विश्वास ठेवावा, रोज हात जोडावेत, त्याने कुणाचं वाईट होत नाही. पण डोळे ज्याने दिले, बुद्धीही त्यानेच दिली. डोळे वापरायचे आणि बुद्धी झाकून ठेवायची, हा त्याचा मान नव्हे. चमत्कार कुणी दाखवला तर झाकण उघडायला सांगा. आणि तो खोटा आहे असं कुणी म्हटलं, तर म्हणणाऱ्याचं मन किती स्वच्छ आहे ते मोजत बसू नका. मन कुणाचंच तेवढं स्वच्छ नसतं. कानस आपल्या हातात घ्या आणि घासून बघा.