उरलेल्या अकरा ओळी

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलत होतो. नंबर माझ्या बायकोचा, पण आवाज गेनाचा. गेना म्हणजे बाजारातली चीजवाली.

“लोझानदादा, लवकर या. स्तामेनाताई माझ्या स्टुलावर बसल्यात. बोलत नाहीत.”

“बोलत नाहीत म्हणजे?”

“तुम्ही आधी या हो!”

फेब्रुवारीची चौदा तारीख, ट्रिफनचा सण. द्राक्षवेली छाटायचा दिवस असल्यामुळे सकाळपासूनच अर्ध्या बाजाराने घेतलेली होती. मी पोचलो तेव्हा कोपऱ्यात कुणीतरी अकॉर्डियन वाजवत होता आणि दुसरा त्याला बंद कर म्हणून ओढत होता. रुग्णवाहिका आधीच आली होती. तरुण डॉक्टर होता. त्याने हातमोजे काढून खिशात घातले होते. त्यावरून मला कळलं.

गेनाने स्तामेनाची पिशवी माझ्या हातात दिली. आत लहान ताणकाटा, दोन पेन्सिली, आणि लाकडी फळीला चिमट्याने लावलेला तक्ता. शेवटची भरलेली ओळ चीजची होती. गाईच्या दुधाचं पांढरं चीज, सुटं, एक किलो. सोळा लिहून पुढे दशांशाचा स्वल्पविराम दिला होता. त्यापुढे काही नव्हतं.

माझी बायको सांख्यिकी कचेरीसाठी भाव गोळा करायची. सव्वीस वर्षं. दर महिन्याला त्याच तारखांना, त्याच दुकानांत, त्याच वस्तूंचे. पाव, तेल, अंडी, दाढीची ब्लेडं, बुटाला तळ लावण्याची मजुरी, बायकांचे केस कापण्याचा दर. सगळे आकडे राजधानीला, सोफियाला जायचे आणि तिथून कळायचं की कुठल्या प्रांतात महिन्याभरात महागाई किती वाढली. टीव्हीवर जो आकडा सांगतात, त्यातला आमच्या विदिन प्रांताचा भाग माझ्या बायकोच्या पायांनी गोळा केलेला असायचा.

मी बस आगारात ब्रेकचं काम केलं. मला तिचं काम कधी काम वाटलं नाही. मी म्हणायचो, “तू भाव लिहिलेस म्हणून भाव उतरतो का?”

ती म्हणायची, “तुझा ताप मोजते तेव्हा विचारतोस का असं?”

शवपेटीचं दुकान ओग्न्यानचं. इस्पितळासमोर. त्याने मला पाहिलं आणि टोपी काढली.

“ताई दर महिन्याला इथे उभ्या राहायच्या,” तो म्हणाला. “हा बोर्ड वाचायच्या. मी म्हणायचो, बसा, कॉफी घ्या. तर म्हणायच्या, तुझी कॉफी घेतली तर मला तुझा भाव गोड लागेल.”

मी बोर्डाकडे बघितलं नाही. साध्या पाइनच्या लाकडाची पेटी सांगितली. तो थोडा थांबून म्हणाला, “पेटीचे दोनशे चाळीस लेवा. गाडीचं आणि माणसांचं वेगळं सांगतो.” मी पैसे दिले. त्याने पावती केली. मृत्यूची पत्रकंही तोच छापायचा. फोटोसाठी तिचं कचेरीचं ओळखपत्र होतं तेवढंच. पंचवीस पत्रकं काढली. एक आमच्या दाराला, एक बसथांब्यावर, एक बाजाराच्या फाटकाला, एक तिच्या कचेरीच्या दाराला. बाकी शेजाऱ्यांनी लावली.

सोळा तारखेला तिला पुरलं. जमीन गोठली होती. खणणाऱ्यांनी जादा पैसे मागितले आणि ते बरोबरच होतं. पुरल्यावर वाटायचा उकडलेला गहू साखर-अक्रोड घालून गेनाने करून आणला होता. मला तो करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या प्रमुख नेव्यानाबाई घरी आल्या. त्या स्तामेनापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मी दिलेला पाण्याचा पेला हातात धरूनच म्हणाल्या, “लोझानदादा, हे बोलायची वेळ नाही. पण तिचा तक्ता तुमच्याकडे असेल.”

मी फळी आणून दिली. त्यांनी बोटाने मोजलं.

“अकरा ओळी राहिल्यात.”

“मग त्यांचं काय करता?”

“बावीस तारखेपर्यंत कुणी भरल्या नाहीत, तर शेजारच्या प्रांताची सरासरी धरतात. म्हणजे मोन्तानाची. माझ्याकडे दुसरं माणूस नाही. एक आजारी आहे, एक बाळंतपणाच्या रजेवर.”

मोन्तानाचं नाव मी घरात ऐकलं होतं. नऊ वर्षांपूर्वी स्तामेनाला न्यूमोनिया झाला होता. त्या महिन्यात तिच्या ओळींत मोन्तानाचे भाव धरले होते. ती बरी झाल्यावर महिनाभर घरात धुसफुसत होती. “तिथला पाव वेगळा, तिथली माणसं वेगळी,” म्हणायची. “आपण इथे जास्त पैसे मोजायचे आणि कागदावर मोन्ताना जेवणार!” सव्वीस वर्षांत तेवढा एकच महिना तिचा नव्हता. हा दुसरा झाला असता. आणि शेवटचा.

मी म्हणालो, “मी भरतो.”

“तुमची नेमणूक नाही.”

“बरोबर आहे. पण नेमणूक होती ती आता येणार नाही.”

नेव्यानाबाई पाणी प्यायल्या. “भरून आणा. मी एकेक ओळ फोनवरून पडताळीन. मग माझ्या सहीने जाईल,” त्या म्हणाल्या. दारात थांबून पुन्हा वळल्या. “वस्तू तीच, वजन तेच, दुकान तेच. स्वस्तातली दिसली म्हणून दुसरी लिहू नका. पुरुष तसंच करतात.”

अठरा तारखेला मी तिची पिशवी खांद्याला लावून निघालो. पट्टा माझ्यासाठी आखूड होता.

पहिली ओळ रुमेन बेकरीवाल्याची. तो जाडा, मोठ्या आवाजाचा माणूस. स्तामेना आत शिरली की तो ओरडायचा, “आली बघा महागाई!” आणि रांगेतल्या बायका हसायच्या. पिठाचा भाव वाढला की म्हणायचा, या बाईचा पायगुण. हे ती घरी येऊन मला सांगायची, आणि मी हसायचो. रुमेनबरोबर मीही हसायचो.

त्या दिवशी रुमेनने पिशवी पाहिली आणि पाव कापायचा थांबला.

“पांढरा पाव, सहाशे पन्नास ग्रॅम,” मी वाचलं.

“एक लेवा नव्वद.”

मी लिहिलं. निघालो तर तो म्हणाला, “दादा, काटा विसरलात. ताई वजन केल्याशिवाय लिहीत नसत.”

मी काटा काढला. पाव लटकावला. सहाशे दहा.

रुमेन लाल झाला. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “बघ! महागाई गेली म्हणून तू लगेच चाळीस ग्रॅम खाल्लेस होय रे?”

“मावशी, ओव्हनमध्ये आटतो तो!”

“गेल्या महिन्यात नाही आटला!”

रुमेनने मान खाली घातली. “लिहा, सहाशे दहा,” म्हणाला. “तिने लिहिलंच असतं.”

चांभार, न्हावीण, औषधाचं दुकान, किराणा. सगळीकडे मला बसवत होते. कुणी रेड वाइन पुढे करत होतं, कुणी सुकामेवा. किराणावाला मिल्को म्हणाला, “तुमच्या घरी आमचा जन्माचा राग होता का हो? ताईंनी वीस वर्षं माझ्याकडे तेलाचा भाव विचारला. एक बाटली कधी घेतली नाही.”

आमच्या घरापासून मिल्कोचं दुकान दोनशे पावलांवर आहे. आम्ही तेल आणायचो स्टेशनपलीकडून, पंचवीस मिनिटं चालून. बर्फातसुद्धा. त्यावरून मी तिच्याशी किती भांडलो याची मोजदाद नाही. एकदा मी पिशव्या रस्त्यात टाकून पुढे निघून गेलो होतो. ती दोन्ही पिशव्या घेऊन मागून आली. कारण तिने कधी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

“ती जिथे भाव लिहायची तिथे काही घेत नसे,” मी मिल्कोला म्हणालो. मला ते त्याच क्षणी समजलं होतं. पण अशा सुरात बोललो की जणू मला आधीपासून माहीत होतं.

गेनाचा चीजचा ठेला बंद होता. बाजारातल्या बायका म्हणाल्या, ती त्या दिवसापासून ठेल्यावर येतच नाही, स्टुलाकडे बघवत नाही म्हणते. मी तिच्या घरी गेलो. नदीच्या बाजूला, शेवटच्या गल्लीत. ती शेळ्यांना चारा घालत होती.

“गेना, चीजचा भाव.”

“सोळा पन्नास,” ती म्हणाली. “तिला पण तेच सांगितलं. मी सोळा म्हटलं, तिने सोळा लिहिलं. मी पन्नास म्हणेपर्यंत तिच्या हातातून पेन्सिल पडली. मी म्हटलं, ताई, पन्नास, पन्नास. मला वाटलं ऐकू आलं नाही. मी मोठ्याने ओरडले, पन्नास!” तिने घमेलं खाली ठेवलं. “मेलीने काय ऐकलं शेवटचं? चीजचा भाव.”

मी गोठ्याच्या कुंपणावर फळी टेकवली आणि तिच्या स्वल्पविरामापुढे पन्नास लिहिलं. माझं अक्षर मोठं आहे. रकान्यात मावलं नाही.

शेवटची ओळ शवपेटीची होती. साधी, पाइनची, अस्तरासह. तिथे मला जायची गरज वाटली नाही. पावती माझ्या खिशातच होती. दोनशे चाळीस लिहिलं आणि एकवीस तारखेला तक्ता कचेरीत नेऊन दिला.

कचेरीच्या दाराला तिचं पत्रक अजून होतं. कडा ओल्या होऊन वळल्या होत्या.

नेव्यानाबाईंनी एकेक फोन लावला. पाव, तेल, तळ, केस. सगळं जुळलं. रुमेनचे सहाशे दहा ग्रॅम पाहून त्या किंचित हसल्या. चीजच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं, दोन वेगळी हस्ताक्षरं पाहिली, आणि काही न विचारता पुढे गेल्या. मग थांबल्या.

“पेटी दोनशे चाळीस? जानेवारीत तीनशे वीस आहे.”

“मी तेवढेच दिलेत. ही पावती.”

“देशात कुठे स्वस्ताई नाही आणि विदिनमध्ये महिन्याभरात पाव हिस्सा उतरला? सोफियाहून विचारतील.” त्यांनी ओग्न्यानला फोन लावला. आवाज मला ऐकू येत होता.

“बोर्डावर तीनशे वीस,” ओग्न्यान म्हणाला.

“मग लोझानदादांना दोनशे चाळीस कसे लावले?”

“ते ताईंचं होतं ना,” तो म्हणाला. “ते धरू नका.”

नेव्यानाबाईंनी फोन ठेवला. “ओळखीतली सवलत मोजत नाहीत, लोझानदादा. रस्त्यावरून आलेल्या कुणालाही जो भाव मिळेल, तोच भाव. नव्या मुलींना हे मी शिकवत नाही. स्तामेनाताई शिकवायच्या.”

खोडरबर त्यांच्याकडे होतं, पण त्यांनी दिलं नाही. आकडा खोडायचा नसतो. त्यावर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी कारण. मी रेघ मारली. वर तीनशे वीस लिहिलं. कारण काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं: वैयक्तिक सवलत, मोजू नये.

म्हणजे फेब्रुवारीत विदिनमध्ये जितक्या पेट्या गेल्या, त्यांतली तिची पेटी कागदावर आलीच नाही. तिने स्वतः भरला असता तरी असंच भरलं असतं, हे मला कळतं. पण तिने कुणाची एक कॉफी कधी घेतली नाही, आणि मी तिला सवलतीच्या पेटीतून पाठवलं. बोर्ड माझ्या डोळ्यांसमोर होता. मान वर केली असती तर दिसला असता.

त्याच दिवशी फरकाचे ऐंशी लेवा घेऊन मी ओग्न्यानकडे गेलो. त्याने घेतले नाहीत. “दादा, घरी जा,” म्हणाला. “मला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं. ती जिवंत असताना करू देत नव्हती.” मी नोटा गल्ल्यावर ठेवल्या. त्याने त्या माझ्या कोटाच्या खिशात कोंबल्या. दोन म्हातारे एकमेकांना ढकलत होतो, आणि आत एक बाई आईसाठी पेटी निवडत होती. तिला तीनशे वीस पडणार होते. मी निघून आलो.

मार्चच्या मध्यावर प्रांतांचे आकडे लागले. नेव्यानाबाईंनी मुद्दाम फोन केला. “विदिनचा आकडा मोन्तानापेक्षा वर आहे,” म्हणाल्या. “आपलाच आहे.” आता स्तामेनाच्या जागी मिरेला नावाची मुलगी फिरते. फळी आणि काटा मी तिला दिला. पिशवी ठेवून घेतली. मिल्कोकडून तेल घ्यायला आता हरकत नाही, पण मी स्टेशनपलीकडेच जातो.

नळाचा वायसर मी बसवला. पाणी थांबलं.

आमच्यात चाळिसाव्या दिवशी दुसरं पत्रक लावतात. तोच फोटो, खाली दोन ओळी, आणि स्मरणाची वेळ. ते ओग्न्यानकडेच छापायचं, गावात दुसरा कुणी नाही. या वेळी आधी बोर्ड वाचायचा आणि वर लिहिलेत तेवढेच पैसे त्याला घ्यायला लावायचे, असं मी ठरवलंय. आज त्रेचाळिसावा दिवस आहे. मी अजून त्याच्या दुकानात गेलेलो नाही. पत्रक छापलेलं नाही.