चाळीस दिवस बघायचं नाही

गप्प बसणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम, असं ब्रिडीला नोव्हेंबरपर्यंत वाटायचं. मग राणी सापडली.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी, कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्याशी. शुगर अँट जातीच्या मुंग्यांची राणी, चांगली मनुक्याएवढी, पंख स्वतःच तोडून टाकून बिळासाठी जागा शोधत फिरणारी. ब्रिडीने तिला काचेच्या नळीत घेतलं. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, तोंडाला दुसरा बोळा. आणि धावत सुटली ती थेट गसकडे.

गस तिचा भाऊ, एकोणीस वर्षांचा. सप्टेंबरात मेंढ्या हाकताना चारचाकी बाइक त्याच्यावर उलटली आणि दोन्ही पाय मोडले. आता हाडं जुळली होती. डॉक्टर म्हणाले, चालायला हवं. गस चालत नव्हता. वॉल्गेट गावाहून फिजिओ यायची, कुबड्या पलंगाला टेकवून जायची, आणि पुढच्या आठवड्यात त्या तिथेच सापडायच्या. व्हरांड्याला लागून असलेल्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. मम, म्हणजे त्यांची आई, दाराशी यायची, काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि परत जायची.

"बघ तरी काय आणलंय!"

गसने मान वळवली. नळी उजेडात धरली. बराच वेळ.

"अंधारात ठेव हिला," तो म्हणाला. "अंडी घालेल. चाळीसेक दिवसांनी पहिली कामकरी मुंगी येईल. तोवर हलवायचं नाही, बघायचं नाही. घाबरली तर स्वतःचीच अंडी खाते."

इतकं एका दमात तो अडीच महिन्यांत बोलला नव्हता.

"आणि तिला खायला?"

"काही नाही. पंखांचे स्नायू उरलेत ना अंगात, ते जिरवून जगते."

"बिचारी."

"बिचारी कसली? तू तिला रोज गदागदा हलवणार, मॅगपाय. मी ओळखतो तुला." मॅगपाय म्हणजे सतत कलकलाट करणारा पक्षी; गस तिला याच नावाने चिडवायचा.

"मी? शप्पथ नाही!"

ब्रिडीने मनात ठरवून टाकलं: एक मुंगी. फक्त एक मुंगी जन्मली, तर ती बघायला गस उठेल. फुटबॉलच्या काळ्या मोज्यात नळी सरकवून तिने ती कपडे धुवायच्या खोलीतल्या कपाटात ठेवली, साबणाच्या डब्यामागे. व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, तेवीस पावलांवर. तिथे कुणी आदळआपट करत नसे.

गसने शेडमधली हलकी पांढरी वीट मागवली आणि मुंग्यांचं घर कोरायला घेतलं. जुन्या स्क्रूड्रायव्हरने खोल्या, बोगदे, पाण्यासाठी एक खळगा. वरून फोटोफ्रेमची काच बसणार होती. चादरीवर, त्याच्या बोटांवर, जमिनीवर पांढरी भुकटीच भुकटी.

"हे हॉस्पिटल आहे की गिरणी?" मम ओरडायची. पण ब्रिडीच्या हाती केरसुणी देताना तिचा चेहरा ओरडल्यासारखा नसायचा.

ब्रिडीची शप्पथ चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने मोजा एवढासा खाली केला. राणीच्या पायाशी सात अंडी होती, रव्याच्या दाण्यांसारखी. सात! तिला व्हरांडाभर नाचावंसं वाटलं आणि कुणाला सांगता येईना. मग रोजचंच झालं. एक सेकंद. फक्त एक सेकंद. मोज्यावर कधी पांढरे डाग दिसले, तर ती ते झटकून टाकायची. तीच तर गसची खोली झाडत होती, हातांना भुकटी लागणारच.

एकोणिसाव्या दिवशी अंडी नव्हती.

तिने नळी फिरवून पाहिली, दिव्याखाली धरली. एकही नाही. राणी कापसाला चिकटून बसली होती.

ब्रिडी तशीच नळी घेऊन गसच्या पलंगाशी गेली. तोंडून शब्द फुटेना, आणि ब्रिडीच्या बाबतीत हे फारच वाईट लक्षण होतं.

"मी बघत होते," ती शेवटी म्हणाली. "रोज. माझ्यामुळे खाल्ली तिने. गस, सॉरी. मला वाटलं एक सेकंदाने काय होतंय..."

ती हमसून हमसून रडायला लागली. नाक पुसायला काही मिळेना, म्हणून तिने मोजाच उचलला. त्यावर पांढरा ठसा होता. अंगठ्याचा, तिच्या अंगठ्याच्या दुप्पट.

ती थांबली. तिने जमिनीकडे पाहिलं. पलंगापासून दारापर्यंत भुकटीत कुबड्यांच्या रबरी बुडांचे गोल गोल ठसे उमटले होते. इतके दिवस तिने ते झाडून काढले होते, एकदाही न बघता.

"गस."

"बोलू नकोस."

"तेवीस पावलं आहेत!"

"एकतीस," गस म्हणाला. "माझी एकतीस होतात. दुपारी, मम दुकानात कामाला गेली की." तो छताकडे बघत होता. "दोनदा पडलो. दुसऱ्यांदा नळी हातात होती. तेव्हाच खाल्ली असणार. तुझ्यामुळे नाही."

ब्रिडीने बाहीनेच डोळे पुसले.

"ममला सांगू?"

"नको. रडेल, मग केक करेल, मग फिजिओला फोन करेल. आणि उद्या नाही जमलं मला, तर?"

ब्रिडीने नाक ओढलं. "परत घालेल का अंडी?"

"घालेल बहुतेक. खाल्लेलं तिच्या अंगीच लागतं. नाहीतर संपेल." त्याने वीट पुढे ओढली. "या वेळी लांब ठेव. आपल्या दोघांपासून."

"पाण्याच्या टाकीखाली ठेवते. तिथे गार असतं."

"अंगण ओलांडून?"

"हो. आणि चाळीस दिवसांनी मी आणणार नाहीये."

गसने तिच्याकडे पाहिलं, मग कुबड्यांकडे. स्क्रूड्रायव्हर विटेवर पुन्हा करकरायला लागला.

उन्हं उतरल्यावर ब्रिडीने नळी मोज्यात घातली, मोजा जॅमच्या डब्यात, आणि डबा दोन्ही हातांनी धरून ती अंगणात उतरली. आयुष्यात कधी चालली नव्हती इतकी हळू. अर्ध्या वाटेवर मागून आवाज आला. टक. थांबून पुन्हा टक. व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आला आणि थांबला.

ब्रिडीची मान वळायला नुसती शिवशिवत होती. तिने डबा छातीशी धरला आणि मागे न बघता टाकीपर्यंत चालत गेली.